मनाची किर्द उघडणारा : सिग्मंड फ्रॉइड

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मनोविश्लेषणावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण माझी फ्रॉइडशी ओळख झाली ती हिशेबाच्या वहीमुळेच. संध्याकाळी मी काकांच्या किराणा दुकानात बसतो आणि त्यांची वही लिहितो. एकदा उधारीवर आलेल्या साखरेच्या पाच पोत्यांची नोंद माझ्याकडून किर्दीत राहून गेली. किर्दीत नाही म्हणून खतावणीतही नाही. महिनाअखेर तेरीज मांडली, तर दोन्ही बाजू पैशापैशाला जुळल्या. काका खूश, मीही खूश. पुढे तीन महिन्यांनी घाऊक व्यापाऱ्याचा माणूस बिल घेऊन दारात उभा राहिला. नोंद मुळातच झाली नसेल तर तेरीज चूक दाखवीत नाही, हा वर्गात पाठ केलेला नियम मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला. देणे वहीत नव्हते, म्हणून ते नाहीसे झाले नव्हते.

त्याच सुमारास ग्रंथालयात फ्रॉइडचे चरित्र हाती लागले आणि वाचता वाचता वाटले की, हा गृहस्थ जन्मभर हेच तर सांगत होता. ज्या गोष्टीची नोंद आपण मनाच्या वहीत करावयाचे नाकारतो, ती नष्ट होत नाही. ती कधीतरी, भलत्याच वेषात, दारात येऊन उभी राहते. आणि गंमत अशी की, हा माणूस स्वतःच्या सिद्धांतांची वहीसुद्धा पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त करीत राहिला. जेथे त्याने ती उघडली नाही, तेथे त्याला आणि इतरांना किंमत मोजावी लागली. त्याच्या आयुष्याची ही हकीगत म्हणूनच मला सांगावीशी वाटते.

सिग्मंड फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबर्ग या लहानशा गावी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील याकोब लोकरीचे व्यापारी, धर्माने ज्यू. आई अमालिया वयाने त्यांच्यापेक्षा बरीच लहान. वडिलांच्या पहिल्या विवाहाचे मुलगे जवळजवळ अमालियाच्या वयाचे होते. व्यापार बसला आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. १८६० मध्ये ते व्हिएन्नात आले आणि फ्रॉइडचे पुढले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आयुष्य त्याच शहरात गेले.

लहानपणीचा एक प्रसंग तो कधी विसरला नाही. वडिलांनी त्याला आपल्या तरुणपणची गोष्ट सांगितली होती. रस्त्याने जाताना एका ख्रिस्ती माणसाने त्यांची नवी टोपी चिखलात उडवली आणि पदपथावरून खाली उतरण्यास फर्मावले. वडिलांनी निमूटपणे टोपी उचलून घेतली होती. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपला बाप असा नमला याची खंत वाटली. ही खंत सुमारे तीस वर्षे मनात राहिली आणि पुढे त्याच्या स्वप्नांत उगवली.

१८७३ मध्ये त्याने व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकीय अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. पण रोग्यांपेक्षा प्रयोगशाळाच त्याला अधिक प्रिय होती. प्राध्यापक ब्र्यूके यांच्या हाताखाली त्याने माशांच्या मज्जापेशींचा अभ्यास केला. त्रिएस्त येथे तर त्याने सुमारे चारशे ईल मासे कापून पाहिले, ते केवळ नर ईलची जननेंद्रिये सापडतात का हे ठरवण्यासाठी. १८८१ मध्ये पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी मार्था बर्नेस हिच्याशी वाङ्निश्चय झाला आणि संसार उभा करायचा तर प्रयोगशाळेच्या तुटपुंज्या मिळकतीवर भागणार नाही हे ध्यानी आल्यामुळे तो व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात रुजू झाला.

याच काळात त्याच्या हातून एक मोठी चूक घडली. कोकेन हे औषध तेव्हा नवीन होते. १८८४ मध्ये त्याने त्याची स्तुती करणारा निबंध लिहिला. फ्लाइश्ल-मार्क्सॉव्ह नावाचा त्याचा बुद्धिमान मित्र दुखण्यामुळे मॉर्फीनच्या आहारी गेला होता. फ्रॉइडने त्याला कोकेन सुचवले. मॉर्फीन सुटले नाहीच, वर कोकेनचेही व्यसन जडले आणि १८९१ मध्ये तो मित्र मरण पावला. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेनने भूल देता येते हा खरा उपयोगी शोध मात्र कार्ल कोलर या सहकाऱ्याच्या नावावर गेला. घाईने दिलेला सल्ला, मग तो कितीही प्रेमाने दिलेला असो, घातक ठरू शकतो, हा धडा येथे फ्रॉइडला मिळाला.

१८८५ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला गेला. तेथे सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को हे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ हिस्टेरियाच्या रुग्णांवर संमोहनाचे प्रयोग करीत. हातपाय लुळे पडलेले, पण शरीरात कोणतीही इजा नाही, असे हे रुग्ण. इतर डॉक्टर त्यांना ढोंगी समजत. शार्को यांनी दाखवले की, संमोहित अवस्थेत केवळ शब्दांनी अशी लक्षणे निर्माण करता येतात आणि घालवताही येतात. म्हणजे शब्दांचा शरीरावर अंमल चालतो! फ्रॉइड हा विचार घेऊन परतला. १८८६ मध्ये त्याने स्वतःचा दवाखाना सुरू केला आणि मार्थाशी विवाह केला. त्यांना सहा अपत्ये झाली.

आता यापुढील कथा रुग्णांची आहे. माझ्या मते मनोविश्लेषणाचे अर्धे श्रेय त्यांचेच आहे. फ्रॉइडचे ज्येष्ठ स्नेही डॉ. योसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार केले होते. ग्रंथात तिचे नाव आना ओ. असे आहे, खरे नाव बर्था पापेनहाइम. आजारी वडिलांची रात्रंदिवस शुश्रूषा करता करता ती स्वतःच कोसळली. उजवा हात लुळा पडला. तहान लागूनही कित्येक दिवस पाणी पिता येईना. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे तिची मातृभाषा जर्मन तिला बोलता येईना, ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. आपण सीमाभागातली माणसे घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलतो. मातृभाषा अशी जिभेवरून निघून जाणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपल्याला इतरांपेक्षा अधिक यावी. ब्रॉयर रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसत आणि ती बोलत असे. एखादे लक्षण प्रथम केव्हा दिसले ते आठवून, त्या वेळी गिळलेली भावना व्यक्त झाली की ते लक्षण ओसरे. बोलून बरे होण्याचा उपाय हे नाव या पद्धतीला तिनेच दिले. ती लगेच पूर्ण बरी झाली असे मात्र नाही. त्यानंतरही तिला अनेकदा आरोग्यधामात राहावे लागले. पण पुढे याच स्त्रीने निराधार मुलींसाठी मोठे कार्य केले आणि १९०४ मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली.

फ्रॉइडची एक रुग्ण तर त्याच्यावर रागावलीच. ग्रंथात तिला एमी फॉन एन्. म्हटले आहे. तो सारखा हे कोठून आले, ते कशामुळे झाले असे विचारीत असे. तिने त्याला सुनावले की, प्रश्न थांबवा आणि मला जे सांगायचे आहे ते सांगू द्या. त्या काळच्या डॉक्टरला एका रुग्ण स्त्रीने असे बोलावे ही साधी गोष्ट नव्हती. फ्रॉइडने ऐकले. हळूहळू त्याने संमोहन सोडून दिले. रुग्णाने कोचावर पडावे, मनात येईल ते, कितीही क्षुल्लक वा लाजिरवाणे वाटो, बोलत जावे आणि डॉक्टरने मागे बसून ऐकावे, ही मुक्त साहचर्याची पद्धत अशी जन्मास आली. तो कोचही एका रुग्ण स्त्रीनेच भेट दिलेला होता. मागे बसण्याचे एक कारण अगदी साधे होते : दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहावे हे फ्रॉइडला सोसत नसे.

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ निघाला. १८९६ मध्ये मनोविश्लेषण हा शब्द फ्रॉइडने प्रथम वापरला. त्याच वर्षी त्याने एक धाडसी सिद्धांत मांडला की, हिस्टेरियाच्या प्रत्येक रुग्णावर बालपणी लैंगिक अत्याचार झालेला असतो. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, त्याने फ्लीस या मित्राला पत्र लिहून कळवले की, आपला या सिद्धांतावर विश्वास राहिलेला नाही. काही आठवणी प्रत्यक्ष घटनेच्या नसून मनातील इच्छा व कल्पनांच्या असाव्यात, असे त्याला वाटू लागले. यातूनच ईडिपस गंडाची कल्पना निघाली. ही दुरुस्ती आजही वादग्रस्त आहे. बालकांवरील अत्याचार त्याने कधी संपूर्ण नाकारले नाहीत; तरीही त्याच्या मागून आलेल्या अनेकांनी खऱ्या पीडितांचे बोलणे कल्पना म्हणून उडवून लावले, हा दोष इतिहासाने नोंदवून ठेवला आहे.

ऑक्टोबर १८९६ मध्ये वडील वारले. चाळीस वर्षांचा फ्रॉइड आतून हलला. त्याने स्वतःलाच रुग्ण केले आणि स्वतःची स्वप्ने तपासू लागला. चिखलातली ती टोपी पुन्हा समोर आली. या आत्मपरीक्षणातून स्वप्नांचा अर्थ उलगडणारा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. तो नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला, पण प्रकाशकाने मुखपृष्ठावर १९०० साल छापले. अवघ्या ६०० प्रती छापल्या होत्या. त्या संपायला आठ वर्षे लागली! मंदीतल्या दुकानदाराने धीर कसा धरावा ते येथून शिकावे.

१९०१ मध्ये दैनंदिन जीवनातील चुकांवरचे त्याचे लेखन प्रसिद्ध झाले. जीभ घसरणे, नाव विसरणे, वस्तू हरवणे यांमागेही बहुधा काही हेतू दडलेला असतो, असे त्याने दाखवले. त्यातले एक उदाहरण मोठे मजेदार आहे. ऑस्ट्रियाच्या लोकप्रतिनिधी सभेच्या अध्यक्षांनी बैठक सुरू करताना चुकून बैठक संपली असे जाहीर केले. त्या बैठकीतून काही चांगले निष्पन्न होईल अशी आशा त्यांना नव्हती आणि जिभेने ते सांगून टाकले. मला स्वतःलाही हा अनुभव आहे. गेल्या वर्षी निबंधस्पर्धेत माझ्या मित्राला पहिले बक्षीस मिळाले. मी हसतमुखाने हात पुढे केला आणि त्याच्याऐवजी माझेच अभिनंदन करून मोकळा झालो. सगळे हसले, मीही हसलो. पण तेरीज जुळलेली दिसत असली तरी कोणती नोंद राहिली होती, हे मला ठाऊक होते.

ऐकणाऱ्या फ्रॉइडलाही कधी कधी ऐकू येत नसे. १९०० च्या अखेरीस त्याच्याकडे डोरा या नावाने प्रसिद्ध झालेली अठरा वर्षांची मुलगी आली. वडिलांच्या स्नेह्याने आपल्याशी अतिप्रसंग केला, हे ती घरी सांगत होती आणि घरचे विश्वास ठेवीत नव्हते. फ्रॉइडने विश्वास ठेवला. पण मनातून तुलाही तो माणूस हवाच होता, असा आपला अर्थ त्याने तिच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, तिने उपचार थांबवले. फ्रॉइडने ही फसलेली हकीगत दडवली नाही, १९०५ मध्ये छापली. रुग्ण आपल्या जुन्या नात्यांतील राग-लोभ डॉक्टरवर लादतो, या भावसंक्रमणाकडे आपले दुर्लक्ष झाले, असे त्याने कबूल केले. पण त्या मुलीच्या संतापाला न्याय देणे त्याला तेव्हाही पूर्णपणे जमले नाही.

सहकाऱ्यांच्या बाबतीतही असेच घडले. १९०२ पासून दर बुधवारी त्याच्या घरी काही डॉक्टर चर्चेसाठी जमू लागले. १९०९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाने त्याला व्याख्यानांसाठी निमंत्रित केले. १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कार्ल युंग तिचा पहिला अध्यक्ष झाला. परंतु माणसाची मुख्य प्रेरणा लैंगिक आहे या मुद्द्यावर फ्रॉइड मतभेद सहन करीत नसे. १९११ मध्ये आल्फ्रेड ॲडलर बाहेर पडला. न्यूनगंड हा शब्द आज आपण घरीदारी सहज वापरतो, त्यामागची कल्पना या ॲडलरची. १९१३ मध्ये युंगशीही संबंध तुटले. ज्याला आपला वारस मानले तोच गेला. रुग्णाचा विरोध अर्थपूर्ण असतो असे शिकवणाऱ्याला मित्रांचा विरोध पचवता आला नाही, ही त्याच्या आयुष्यातील एक शोकांतिकाच होय.

मात्र दुःखाने त्याची वही पुन्हा उघडायला लावली. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक स्वप्नात रोज तेच स्फोट पाहात. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, हा त्याचा सिद्धांत येथे लागू पडेना. त्याचा दीड वर्षाचा नातू आई बाहेर गेली की दोरी बांधलेले लाकडी रीळ दूर फेकी आणि परत ओढून घेई. सोसलेले दुःख माणूस पुन्हा पुन्हा का घडवून आणतो, असा प्रश्न त्याला पडला. जानेवारी १९२० मध्ये याच मुलाची आई, फ्रॉइडची कन्या सोफी, इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत दगावली. त्याच वर्षी जीवनप्रेरणेबरोबर मृत्युप्रेरणाही असते असे मांडणारे त्याचे पुस्तक निघाले. १९२३ मध्ये त्याने मनाची इदम्, अहम् व पराहम् अशी नवी मांडणी केली. १९२६ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने चिंतेविषयीचे स्वतःचेच जुने मत उलटवले. दडपलेल्या इच्छेतून चिंता जन्मते असे तो पूर्वी म्हणत असे. आता त्याने लिहिले की, चिंता ही आधी येते. ती धोक्याची घंटा आहे आणि तिच्यामुळेच माणूस इच्छा दडपतो. सत्तरीत आपले आधीचे गणित खोडून नवे मांडणारे विद्वान किती सापडतील?

भारताशीही त्याचे नाते जुळले होते. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. ते आणि फ्रॉइड यांच्यात पत्रव्यवहार होता. प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरुद्ध इच्छाही मनात वसते, असे बोस यांचे स्वतंत्र मत होते आणि ईडिपस गंडाबाबत त्यांनी फ्रॉइडशी मतभेद नोंदवले. फ्रॉइडने आपला सिद्धांत काही बदलला नाही. पण पंचाहत्तरीनिमित्त भारतातून आलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती त्याने आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली.

१९२३ मध्ये त्याच्या जबड्याला कर्करोग झाला. पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तोंडात कृत्रिम तबकडी बसवलेली. बोलणे कष्टाचे झाले. बोलण्याच्या उपचाराचा प्रवर्तक स्वतः नीट बोलू शकेना. सिगार मात्र सुटली नाही. मनाचे व्यवहार जाणणाऱ्यालाही स्वतःच्या सवयीपुढे हार मानावी लागली.

१९३३ मध्ये नाझींनी बर्लिनमध्ये त्याची पुस्तके जाळली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला. धाकटी मुलगी ॲना हिला गेस्टापोने चौकशीसाठी नेले आणि ती संध्याकाळी परत येईपर्यंत त्या वृद्ध पित्याने कसा दिवस काढला असेल! तोवर देश सोडण्यास नाखूश असलेला फ्रॉइड अखेर तयार झाला. मारी बोनापार्ट या शिष्येच्या आणि इतरांच्या खटपटीने ४ जून १९३८ रोजी त्याने व्हिएन्ना सोडले. बेर्गगासे १९ या घरात तो सत्तेचाळीस वर्षे राहिला होता. मागे राहिलेल्या त्याच्या चार बहिणी पुढे नाझींच्या छळछावण्यांत मरण पावल्या. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडन येथे फ्रॉइडचे निधन झाले. वेदना असह्य झाल्यावर त्याच्याच इच्छेनुसार डॉक्टरांनी मॉर्फीन दिले होते. त्या लंडनच्या घरात आता संग्रहालय आहे आणि तो कोचही तेथेच आहे.

त्याच्या मागे विचार थांबला नाही. ॲना फ्रॉइडने मुलांच्या मनाकडे लक्ष वळवले. कारेन हॉर्नी हिने स्त्रियांविषयीची त्याची मते पुरुषी दृष्टीची असल्याचे ठामपणे दाखवून दिले. मूळचे मनोविश्लेषक असलेले ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात विचारांच्या सवयी बदलण्याची नवी उपचारपद्धती उभारली. फ्रॉइडच्या अनेक कल्पना शास्त्रीय कसोटीला उतरल्या नाहीत, हे आज मान्य आहे. पण आपल्या मनातील पुष्कळसे व्यवहार आपल्या नकळत चालतात आणि दुःखी माणसाचे नीट ऐकून घेणे हाही एक उपचार आहे, या दोन गोष्टी मात्र टिकल्या.

आता थोडे स्वतःविषयी. माझा एक वर्गमित्र पहिल्या वर्षी परीक्षा जवळ आली की पोट दुखते म्हणून घरी बसू लागला. डॉक्टरांना काही सापडेना. कोणी म्हणाले आळस, कोणी म्हणाले सोंग. मी त्याला अभ्यासाचे वेळापत्रक करून दिले आणि तासभर उपदेश केला. त्याने मान हलवली. दुसऱ्या सत्रात त्याने महाविद्यालय सोडले. नंतर बाजारात भेटला तेव्हा मी काही बोलण्याआधीच त्याने हातातली पिशवी दाखवून घाईत असल्याचे सांगितले. त्याच्या पोटात काय दुखत होते ते मला आजही माहीत नाही, कारण मी ते विचारलेच नव्हते. एमीने फ्रॉइडला सुनावले तसे सुनावण्याचे बळ त्याच्यापाशी नव्हते, आणि न सुनावता ऐकण्याची बुद्धी माझ्यापाशी नव्हती.

मित्रहो, चार पुस्तके वाचून आपण कोणी मनोविश्लेषक होत नाही. मित्राच्या स्वप्नांचे अर्थ लावण्याचा किंवा त्याला गंड चिकटवण्याचा अधिकार आपल्याला नाही. डोराच्या कथेतून एवढे तरी शिकावे. गरज पडल्यास जाणकार डॉक्टरांकडे जावे आणि त्यात कमीपणा मानू नये. पण कोणी बरे आहे असे म्हणून नजर चुकवली, तर तेरीज जुळली असे समजून वही मिटू नये. शेजारी बसावे, सल्ला आवरावा, आणि तो बोलेल तितके ऐकावे. या रविवारी मी त्या मित्राच्या घरी जाणार आहे. वेळापत्रक नेणार नाही.